चार लोक बघताहेत

पूलच्या टेबलावर बॉल थांबलेला असतो, आणि सगळा घोळ तिथंच आहे. क्रिकेटमध्ये चेंडू अंगावर येतो, बॅडमिंटनमध्ये शटल पडायच्या आत गाठावं लागतं. घाबरायचं म्हटलं तरी तेवढी सवड कुणाला असते? पूलमध्ये सगळं कसं निवांत. पांढरा बॉल त्याच्या जागी, मारायचा बॉल त्याच्या जागी, पॉकेट तर कुठं पळून जात नाही. कुणी धक्का देत नाही, कुणी आडवं येत नाही. सुरुवात आपणच करायची. आणि त्या सवडीत मन काय काय उद्योग करून ठेवतं, ते ज्यानं भोगलंय त्यालाच ठाऊक.

हिशेब मांडला तर खेळ सोपाच आहे. बॉलचा व्यास सव्वादोन इंच. पॉकेटचं तोंड साधारण साडेचार ते पाच इंच, म्हणजे दोन बॉल शेजारीशेजारी मावावेत एवढं. समोर सरळ बॉल असेल तर पहिल्यांदा क्यू हातात घेतलेलं शाळकरी पोरही दहातून चार-पाच वेळा घालेल. तोच बॉल शेवटच्या रॅकमधला, म्हणजे डावातला, निर्णायक नऊ नंबरचा असू द्या, सामना चार-चारवर आलेला असू द्या, आणि भिंतीला टेकून दोन-चार ओळखीचे चेहरे उभे असू द्या. मग बघा.

शरीराचं म्हणणं समजून घेतलं तर त्याचा रागही येत नाही. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथी अ‍ॅड्रेनलिन सोडतात, हृदय धावायला लागतं, बोटांकडचं रक्त मोठ्या स्नायूंकडे वळतं, कारण शरीराच्या मते आता पळायचं आहे किंवा मारामारी करायची आहे. वाघांची राजधानी म्हणून आम्ही नागपूरकर बाहेर मिरवत असतो. शरीरही तेवढंच धरून बसलेलं असतं, वाघ आलाय. बाहेर मे महिन्याचं 45 डिग्री तापमान, कूलर घरघरतोय, आणि माझी बोटं गार. गार बोटांनी क्यू पकडायचा आणि मिलिमीटरचं काम करायचं. ज्या तयारीवर माणूस हजारो वर्षं जगला, ती नेमकी इथं उलटी पडते.

असले थांबलेले खेळ नागपूरला मानवतात असं म्हणायला हरकत नाही. ओजस देवतळे इथलाच, सराव साताऱ्याला केला तरी. 2023च्या ऑगस्टमध्ये बर्लिनच्या जागतिक तिरंदाजी स्पर्धेत कंपाउंड प्रकारच्या अंतिम सामन्यात त्यानं 15 बाण सोडले आणि 15ही दहाच्या वर्तुळात गेले. 150 पैकी 150. समोरचा पोलंडचा तिरंदाज 149वर होता, म्हणजे ओजसचा एक बाण जरी नवात गेला असता तरी बरोबरी झाली असती. 50 मीटरवरून ते दहाचं वर्तुळ 8 सेंटिमीटरचं, आणि प्रत्येक बाणाला 20 सेकंद. तो सामना मी नंतर चित्रफितीवर पाहिला, निकाल आधी माहीत असूनही तळहाताला घाम आला. दोन वर्षांनी, जुलै 2025मध्ये, जॉर्जियातल्या बातुमी शहरात दिव्या देशमुखनं महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकला. समोर कोनेरू हंपी, जी दिव्याच्या जन्माच्या आधीपासून ग्रँडमास्टर. दोन्ही क्लासिकल डाव बरोबरीत सुटले, मग टायब्रेकचे जलद डाव. जिंकल्यावर 19 वर्षांच्या दिव्याला रडू आवरेना, आईला मिठी मारून ती रडली. सगळ्या वाहिन्यांनी ते दृश्य पुन्हा पुन्हा दाखवलं. मला त्यात एकच गोष्ट दिसली: हे रडू एकाएकी आलेलं नव्हतं. डाव चालू असतानाही ते तिथंच कुठंतरी बसलेलं असणार. त्याला घालवायच्या खटपटीत ती पडली नाही, पटावर बघत राहिली.

घालवायच्या खटपटीत मी बरीच वर्षं होते.

बाबांची नोकरी कोळसा खाणीत. उमरेडकडच्या कॉलनीत अधिकाऱ्यांचा एक क्लब होता, त्यात बिलियर्ड्सचं जुनं टेबल, हिरवी बनात दोन ठिकाणी रफू केलेली. दुपारी तिथं चिटपाखरू नसायचं. सुट्टीत बाबा जेवून झोपले की मी जाऊन एकटीच बॉल ढकलत बसायची. शिकवायला कुणी नव्हतं, बघायलाही नव्हतं, आणि त्यामुळे हात झकास चालायचा. पुढे शिक्षणासाठी नागपुरात आले, धरमपेठेतल्या एका बेसमेंटमधलं पूल पार्लर सापडलं, मैत्रिणीला सोबत ओढून नेलं, आणि पहिल्याच दिवशी कळलं की आपल्याला खेळता येत नाही. टेबल लहान होतं, पॉकेट मोठं होतं, तरीही. कारण शेजारच्या टेबलावरच्या पोरांनी खेळ थांबवला होता.

बाईनं पूल खेळणं म्हणजे आधी कपड्यांचा विचार. वाकायचं असतं, आणि वाकलेल्या बाईकडे बघणाऱ्याच्या डोळ्यांत खेळ कमीच असतो. ओढणी खांद्यावरून सुटली की बॉलला लागते आणि फाउल होतो. पंजाबी ड्रेस सोडून मी पूर्ण बाह्यांचा शर्ट घालायला लागले तो याच कारणानं. हे सगळं पुरुष खेळाडूंना सांगितलं की ते हसतात. त्यांच्या भीतीच्या यादीत हा मुद्दाच नसतो. पण एक मात्र झालं. बघणाऱ्यांचं काय करायचं, हा प्रश्न त्यांच्यापुढे स्पर्धेत येतो. माझ्यापुढे तो रोज संध्याकाळी होता.

या बघणाऱ्यांवर 1982 साली अमेरिकेत एक गमतीचा अभ्यास झाला. व्हर्जिनियातल्या एका विद्यापीठात विद्यार्थ्यांसाठी पूलची टेबलं होती. जेम्स मायकल्स आणि त्याच्या सहकाऱ्यांनी आधी लांबून, कुणाला कळू न देता, चांगले खेळाडू आणि कच्चे खेळाडू हेरून ठेवले. चांगल्यांचे शंभरातले 71 फटके लागत होते, कच्च्यांचे 36. मग चार जण टेबलाशी जाऊन उभे राहिले आणि नुसते बघत बसले. नेमके चार, आपल्याकडे 'चार लोक काय म्हणतील' म्हणतात, तेवढेच. चांगल्यांचं प्रमाण 71वरून 80वर गेलं. कच्च्यांचं 36वरून 25वर घसरलं.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा खूप वेळ त्या आकड्यांकडे बघत बसले. म्हणजे बघणारे लोक कुणाचं वाटोळं करतात आणि कुणाला वर उचलतात, ते त्यांच्या हातात नाहीच. रॉबर्ट झायन्स नावाच्या मानसशास्त्रज्ञानं 1965मध्येच सांगून ठेवलं होतं की कुणी बघत असलं की माणसाकडून त्याच्या अंगवळणी पडलेलीच गोष्ट आणखी जोरात बाहेर येते. अंगवळणी बरोबर फटका असेल तर बरोबर, चुकीचा असेल तर चुकीचा. याच माणसानं पुढे झुरळांवरही प्रयोग केला. सरळ बोळातून पळताना प्रेक्षक झुरळं असली की झुरळ जास्त जोरात पळायचं, वळणाच्या वाटेत मात्र गडबडायचं. झुरळालाही चार झुरळांची पर्वा असते, म्हटल्यावर आपण कोण?

पूलचं भावंड असलेल्या स्नूकरचं नावच मुळी चुकणाऱ्याला हसण्यातून आलं आहे. 1875 साली जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये पावसाळी दिवसांत कंटाळलेले अधिकारी टेबलावर डाव मांडून बसायचे. जबलपूर तेव्हा मध्य प्रांतात, आणि मध्य प्रांताची राजधानी नागपूर; म्हणजे तसं बघितलं तर स्नूकर आमच्याच घरातलं. नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण लेफ्टनंटनं जुन्या डावात आणखी रंगीत बॉल घातले. एकदा कुणीतरी पॉकेटच्या तोंडाशी आलेला सोपा बॉल चुकवला तेव्हा चेंबरलेननं त्याला लष्करी शाळेतल्या नवख्या पोरांसाठी वापरली जाणारी शिवी हासडली, आणि तीच पुढे खेळाचं नाव होऊन बसली. (हा चेंबरलेन म्हणजे पुढे पंतप्रधान झाला तो नव्हे.) सोपा बॉल चुकवून चारचौघांत हसं झालेल्या त्या अधिकाऱ्याचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही. मला त्याच्याबद्दल फार वाटतं.

धरमपेठेतल्या त्या पार्लरमध्ये एक मार्कर होता. मार्कर म्हणजे तिथला सर्वेसर्वा: गुण मांडणारा, टेबल झाडणारा, टाइम लावणारा, क्यूची टिप बदलणारा, भांडणं मिटवणारा. हे गृहस्थ सिव्हिल लाइन्समधल्या एका जुन्या क्लबात उमेदवारी करून आलेले. साहेब लोकांना खेळताना बघून बघून शिकले होते. स्वतः स्पर्धेत कधी उतरले नाहीत. मला आधी मॅडम म्हणायचे, मग ताई. एके दिवशी माझा सोपा बॉल हुकला, मी हाताकडे रागानं बघितलं, तर म्हणाले, "हाताले कायले बोल लावता, ताई? हात नाई कापत तुमचा. पाय कापून राह्यले."

मी खाली बघितलं. मागच्या पायाची टाच उचललेली होती आणि गुडघा हलत होता.

त्या दिवसापासून त्यांनी मला जे शिकवलं त्यात 'शांत व्हा' हे एकदाही नव्हतं. आधी पाय. मागचा पाय नेमाच्या रेषेवर, पूर्ण तळवा जमिनीला, वजन दोन्हीकडे. मग मागचा हात, क्यू पकडणारा. घाबरलेला माणूस क्यू आवळतो, आणि आवळला की मनगट वळतं, टिप पांढऱ्याच्या मध्यावर न लागता कडेला लागते. "चिमणी धरल्यावानी धरा," ते म्हणायचे. मग डोकं. फटका बसायच्या आधीच निकाल बघायला डोकं वर उचलतं, आणि डोक्याबरोबर खांदा, खांद्याबरोबर क्यू. बॉल पॉकेटात पडल्याचा आवाज आल्यावरच उठायचं. माझ्या पाठीवर ते खडूची डबी ठेवत आणि ती पडली की सगळ्यांदेखत मोठ्यानं सांगत, "गेली!"

आणि सगळ्यात मोठी शिकवण: शंका आली की उठायचं. वाकल्यावर नेम बदलायचा नाही. निर्णय उभं राहून घ्यायचा, वाकून नुसता पाळायचा. खाली गेल्यावर "थोडा डावीकडे घेऊ का?" असं मनात आलं की तिथल्या तिथं दुरुस्ती करायची नाही, सरळ उभं राहायचं, एक पाऊल मागं यायचं, टिपेला खडू लावायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. कितीदा? लागेल तितक्यांदा. लोक बघून हसले तर हसू द्यायचं. हे ऐकायला किती सोपं! पण चार लोकांसमोर वाकून, काही न मारता पुन्हा उभं राहायला जेवढं धैर्य लागतं तेवढं बॉल मारायला लागत नाही. अर्ध्याहून जास्त घाईचे फटके माणूस केवळ त्या लाजेपोटी मारून मोकळा होतो, असं माझं पक्कं मत झालं आहे.

मार्कर काकांना माहीत नसलेली त्यांच्याच म्हणण्याची साक्ष मला नंतर पुस्तकांत सापडली. 2002मध्ये बिलियर्ड्सच्या खेळाडूंच्या नजरेवर अभ्यास झाला. मुरलेले खेळाडू फटका सुरू करायच्या आधी लक्ष्यावर नजर जास्त वेळ स्थिर ठेवतात, कच्च्यांची नजर लवकर उडते. सायन बायलॉक आणि थॉमस कार या दोघांनी 2001मध्ये गोल्फच्या पटिंगवर केलेला प्रयोग तर आमच्या पार्लरचाच वाटतो. काही जणांना त्यांनी एकांतात सराव करायला लावला, काहींना व्हिडिओ कॅमेऱ्यासमोर, 'तज्ज्ञ हे बघणार आहेत' असं सांगून. पुढे बक्षिसाचा दबाव आणला तेव्हा एकांतात शिकलेले ढेपाळले, कॅमेऱ्यासमोर शिकलेले ढेपाळले नाहीत. उमरेडच्या त्या रिकाम्या क्लबात माझा हात इतका छान का चालायचा आणि धरमपेठेत का बंद पडला, याचं एवढं सरळ उत्तर मला कुणी तोपर्यंत दिलं नव्हतं.

म्हणून एसी लावलेल्या, गालिचा घातलेल्या, आवाज न करता चालायच्या क्लबांपेक्षा मी आमच्या बेसमेंटला जास्त मानते. तिथं हरणाऱ्यानं टेबलाचे पैसे भरायचे असतात. खिशात मोजके पैसे असताना शेवटचा बॉल मारणं हीच खरी तालीम. शेजारी कुणी मोबाइलवर ओरडत असतो, कुणी तर्री पोह्यांची प्लेट टेबलाच्या कडेवर ठेवून मार्करच्या शिव्या खातो. कूलरनं हवा दमट होते आणि कापड जड. पावसाळ्यात तर बॉल पोचेपर्यंत म्हातारा होतो, आणि एप्रिलच्या कोरड्या दुपारी तोच पळत सुटतो. हे सगळं अंगवळणी पडलेल्या माणसाला स्पर्धेच्या हॉलमध्ये घाबरवायला बरंच काही लागतं.

तरी घाबरवतंच. शहरातल्या एका स्पर्धेत महिलांच्या गटात माझा सामना एका कॉलेजच्या मुलीशी पडला. नऊ बॉलचा डाव, पाच रॅक जिंकणारी पुढे जाणार. चार-चार झालं. शेवटच्या रॅकमध्ये आठ नंबर तिनं घातला आणि नऊ पॉकेटच्या जवळ, सोपा, तिच्यासाठी राहिला. मी खुर्चीत बसले होते, काही करण्यासारखं नव्हतं. म्हणून तिच्याकडे नीट बघितलं. इतकी वर्षं खेळूनही समोरच्याकडे असं कधी बघितलं नव्हतं. ती टिपेला खडू लावत होती. लावून झाला, परत लावला. परत लावला. निळी भुकटी तिच्या बोटांवर आणि शर्टाच्या बाहीवर पडत होती. ती वाकली, क्यू दोनदा पुढेमागे केला आणि झटक्यात मारून मोकळी झाली. नऊ नंबर पॉकेटच्या दोन ओठांत आपटत राहिला आणि बाहेर येऊन थांबला. बॉल थांबायच्या आधीच तिची मान वर आली होती.

मी उठले. पांढरा कुशनला चिकटलेला, म्हणजे त्याच्या वरच्या अर्ध्या भागावरच टिप लागणार. डाव्या हाताचा तळवा इतका ओला की क्यू बोटांच्या खोबणीत अडकत होता. तळव्याला पावडर लावली, तीही चिकट झाली, मग रुमालानं पुसून पुन्हा लावली. छातीत एवढं धडधडत होतं की क्यूचं टोक त्या ठेक्यावर हलताना मला दिसत होतं. वाकले. शंका आली. उठले. मागं कुणीतरी हसलं. वाकले, पुन्हा शंका, पुन्हा उठले. या वेळी मागचा पाय बघितला, टाच टेकवली. तिसऱ्यांदा वाकले तेव्हा धडधड होतीच, टोक हलत होतंच. फक्त नेम ठरलेला होता आणि तो बदलायचा नव्हता. हळू मारला. बॉल पॉकेटात अगदी मेल्यासारखा पडला, आवाज ऐकूनच मी वर आले. हात मिळवला तेव्हा तिचा हात माझ्याहून गार होता. बाहेर जाऊन कठड्यावर बसले तर पाय असे लटपटायला लागले की स्कूटी सुरू करायला अर्धा तास गेला. पुढच्या फेरीत मी सरळ हरले, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

सांगण्यासारखं आहे ते एवढंच की भीती गेल्यामुळे तो बॉल गेला, असं झालं नाही. भीती होतीच, आणि बॉलही गेला.

लोक म्हणतात, "टेन्शन नको घेऊ." नागपुरात हे वाक्य पाणी पाजल्यासारखं कुणीही कुणालाही पाजतं. धडधडणाऱ्या हृदयाला 'थांब' म्हटलं की ते थांबत नाही, उलट आपलं सगळं लक्ष त्याच्याकडे लागतं. हार्वर्डच्या अ‍ॅलिसन वुड ब्रुक्सनं 2014मध्ये लोकांना कॅराओकेवर गायला लावलं, भाषण करायला लावलं, गणितं सोडवायला दिली. गाण्याच्या आधी "मी घाबरलोय" असं म्हणणाऱ्यांपेक्षा "मला उत्साह वाटतोय" असं मोठ्यानं म्हणणारे जास्त सुरात गायले. भाषणातही "मी शांत आहे" म्हणणाऱ्यांपेक्षा उत्साहवाले बरे ठरले. धडधड तीच, तिला दिलेलं काम वेगळं. आमच्या नाशिकच्या भीष्मराज बामांनी पोलीस सेवेतल्या आयुष्यानंतर नेमबाजांपासून क्रिकेटपटूंपर्यंत कितीतरी खेळाडूंना योगाच्या वाटेनं हेच सांगितलं. 2017मध्ये ते गेले. श्वास सोडताना तो घेण्यापेक्षा लांबवायचा, ही मला जमलेली त्यातली एकमेव गोष्ट. बाकी एकाग्रता वगैरे माझ्या आवाक्याबाहेरचं आहे.

औषधाचा रस्ताही आहे, पण तो बंद केलेला आहे. हृदयाची गती आणि हाताचा कंप कमी करणाऱ्या बीटा-ब्लॉकर गोळ्यांना जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेनं तिरंदाजी, नेमबाजी आणि बिलियर्ड्सच्या सर्व प्रकारांत मनाई केली आहे. म्हणजे कंप हा या खेळांचाच भाग आहे, तो पुसून टाकणं ही लबाडी, असं नियमपुस्तकच म्हणतं. कॅनडाचा बिल वर्बेनियुक हा स्नूकरपटू हाताचा आनुवंशिक कंप दबावा म्हणून सामन्याच्या वेळी बिअरचे पेलेच्या पेले रिचवायचा. सोबत प्रोप्रॅनोलॉल घ्यायचा. त्याला बंदी आली आणि त्याची कारकीर्द संपल्यात जमा झाली.

थोरांनाही ही भीती सोडत नाही, हे बघून बरं वाटतं म्हटलं तर क्रूर दिसेल, पण वाटतं. 1985च्या जागतिक स्नूकर स्पर्धेचा अंतिम सामना. स्टीव्ह डेव्हिस 8-0नं पुढे होता, डेनिस टेलरनं गाठत आणलं, 17-17. मध्यरात्र उलटून गेलेली, ब्रिटनमध्ये 1 कोटी 85 लाख लोक टीव्हीपुढे जागे, आणि टेबलावर फक्त काळा बॉल. तो एक बॉल दोघांनीही आळीपाळीनं चुकवला. जगातले दोन सर्वोत्तम हात! शेवटी डेव्हिसनं जवळचा काळा जास्तच पातळ कापून चुकवला, टेलरनं घातला. जिमी व्हाइट तर 1994मध्ये 17-17वर जिंकण्याच्या वाटेवर असताना ठरलेल्या जागेवरचा काळा बॉल चुकवून बसला, तोही आपल्या वाढदिवशी. स्टीफन हेन्ड्रीनं उरलेले बॉल साफ केले. सहा जागतिक अंतिम सामने हरलेला व्हाइट त्यानंतरही तीन दशकं व्यावसायिक स्पर्धा खेळत राहिला. जगज्जेतेपद न मिळालेला तो खेळाडू मला जिंकलेल्या कितीतरी जणांहून जास्त आवडतो.

मराठी मुलखाचं या खेळाशी नातं जुनं आहे. स्वतंत्र भारताचा पहिला जगज्जेता मानला जातो तो विल्सन जोन्स पुण्यात जन्मलेला. 1958मध्ये कलकत्त्यात आणि 1964मध्ये न्यूझीलंडमध्ये त्यानं बिलियर्ड्सचं जागतिक हौशी अजिंक्यपद मिळवलं. बिलियर्ड्स-स्नूकरचा जगज्जेता पंकज अडवाणी, त्याचाही जन्म पुण्याचाच. तरी आपल्या घरांत 'पूल पार्लर' म्हटलं की कपाळाला आठ्या पडतात. वाया गेलेल्या पोरांचा अड्डा, सिगरेटी, पैशांच्या पैजा. त्यातलं काहीच खोटं नाही असं मी म्हणणार नाही. आमच्या बेसमेंटमध्येही हे सगळं होतं. पण त्याचा एक परिणाम कुणी लक्षात घेत नाही. नागपुरातली निम्मी पोरं ट्यूशनला जातो सांगून पार्लरला येतात. ती खेळ शिकतात ते लपून. त्यांना घरच्यांनी, शिक्षकांनी, शेजाऱ्यांनी खेळताना कधी बघितलेलंच नसतं. मग एक दिवस कुठल्या तरी स्पर्धेत नाव लागतं, वर्तमानपत्रात छोटी बातमी येते, आणि पहिल्यांदाच सगळं घर नटूनथटून प्रेक्षकांत येऊन बसतं. पोराचा हात लटपटणार नाही तर काय होईल? पार्लरमधल्या टवाळ पोरांच्या नजरा त्याला पाठ असतात. वडिलांची नजर त्याला तिथं नवी असते.

माझ्या बाबांनी मला खेळताना एकदाच बघितलं, निवृत्त होऊन नागपूरला आल्यावर. पार्लरमधल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत तासभर बसले. काही बोलले नाहीत. मी बरीच चुकले. निघताना मार्कर काकांना म्हणाले, "टेबलाचे किती झाले?" आणि सगळे पैसे भरले. त्यानंतर कुणीही बघत असलं तरी मला फारसा फरक पडेनासा झाला, निदान त्या जातीचा.

तेव्हा तुमचं पोर, मुलगा असो की मुलगी, पूल खेळायला जात असेल तर त्याला चोरून जायला लावू नका. एखाद्या संध्याकाळी तुम्हीच तिथं जा. मार्करला सांगून एक खुर्ची मागून घ्या, टेबलापासून जरा लांब, फटक्याच्या रेषेत येणार नाही अशी. पोर वाकलं असेल तेव्हा हलू नका, खोकू नका. बॉल गेला तर टाळ्या नकोत, चुकला तर घरी पोचेपर्यंत त्याबद्दल एक शब्द काढू नका. आणि पुढच्या आठवड्यात परत जा.